कलकत्तेवाले

कलकत्तेवाले जन्मात कधी कलकत्त्याला गेले नव्हते. पुण्याच्या पलीकडचा मुलूखसुद्धा त्यांनी पाहिला नव्हता. पण त्यांची पत्रं कलकत्त्याला जात आणि कलकत्त्याहून त्यांना जाडजूड लखोटे येत, म्हणून टपालवाल्यानं त्यांना हे नाव ठेवलं आणि साखर पेठेनं ते उचललं. समोर सगळे त्यांना ‘साहेब’ म्हणत, पाठ वळली की ‘कलकत्तेवाले’. खरं नाव हजेरीपटावर होतं. तिथंच ते राहिलं.

मी मॅट्रिक होऊन वेळापुराहून सोलापूरला आलो आणि साखर पेठेतल्या त्या कारखान्यात चिकटलो, तो केवळ माझं इंग्रजी अक्षर वळणदार होतं म्हणून. कारखाना म्हणजे दहा-बारा हातमाग, मागच्या अंगणात रंगाची भट्टी, आणि पुढच्या पडवीत मालकांची हत्यारं. मालक तेलुगू विणकराच्या घरातले. मराठी आमच्यासारखंच बोलत, चिडले की तेलुगूत जात. त्यांच्या हाताला स्वस्थता नव्हती. घड्याळ असो की कुलूप, उघडून आत काय आहे ते पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी नवं काही केलं की त्याचं पुढं काय करायचं, हे कलकत्तेवाले ठरवत. एवढंच त्यांचं काम. अशा कामासाठी पगारी माणूस ठेवलेला दुसरा कारखाना त्या वेळी सोलापुरात नसावा.

पहिल्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं. काळा कोट, काळी टोपी, मिशा बारीक कातरलेल्या. म्हणाले, “घरी पत्र लिहाल तेव्हा काय काम करतो म्हणून लिहाल?”

“पत्रं लिहायचं काम करतो, असं लिहीन.”

“कसली पत्रं?”

“कारखान्याच्या कामाची.”

“छान. त्याच्यापुढं एक अक्षर लिहायचं नाही.”

माणूस मुलखाचा गुपचूप. बाजारातून भाजी आणली तरी पिशवीचं तोंड मुठीत दाबून धरत. “काय आणलंत साहेब?” असं विचारलं की “पालेभाजी.” कुठली, ते नाही. “कुठं निघालात?” तर “जवळच.” खानावळीत भिंतीकडं तोंड करून जेवत. कागदाचा चिटोरा जरी लिहिला तरी त्याच्यावर तारीख आणि वेळ घालत, खाली सही करत आणि दुसऱ्या कोणाची तरी सही साक्षीला घेत. माझ्या सहीचे असे शेकडो चिटोरे त्यांच्या पेटीत असतील. एकदा त्यांनी ‘चुना आणणे’ असं लिहिलं आणि सवयीनं खाली तारीख, वेळ, सही. मी हसलो. त्यांनी मान वर केली आणि तितक्याच गंभीरपणे म्हणाले, “तुम्हीही करा सही. कोण कधी काय म्हणेल, सांगता येत नाही.”

ते एकटे होते. बायको फार पूर्वी साथीत गेली होती. हे मला मालकांनी सांगितलं. त्यांनी स्वतः कधी त्या विषयाला तोंड फोडलं नाही, आणि मीही विचारलं नाही. भाजीचं नाव न सांगणाऱ्या माणसाला हे कसं विचारणार?

मात्र कामाचं बोलायला लागले की वेगळे होत. आवाज मोकळा होई, हात हलत. माझ्यासारख्या नवख्यालासुद्धा समजेल असं सांगत. मालकांनी तेव्हा एक जोड तयार केला होता. हातमागावर विणलेलं कापड रुळावर गुंडाळायला विणकराला दर थोड्या वेळानं हात थांबवावा लागे. मालकांनी एक दातेरी चाक आणि एक खिट्टी अशी काही बसवली की, फणीचा ठोका पडला की चाक एक दात पुढं सरके आणि कापड आपोआप गुंडाळलं जाई. त्याच सुमारास रंगाच्या भट्टीवर आमचे रंगारी उस्मानचाचा यांनी असा लाल रंग साधला होता की सोड्यात उकळला तरी फिका पडत नव्हता. दोन्ही गोष्टी नव्या, दोन्ही कारखान्याच्या. पेटंटची सरकारी कचेरी तेव्हा कलकत्त्याला होती. मला वाटलं, दोन्हींचे अर्ज तिकडं जाणार. पण गेला तो फक्त चाकाचा.

मी कारण विचारलं.

“हे पाहा,” ते म्हणाले, “पेटंट हा सरकारशी केलेला सौदा आहे. तुम्ही सगळं उघड सांगायचं, आणि त्याबद्दल सरकार काही वर्षं राखण करणार. चाक आपण विकलं, की दुसऱ्या दिवशी पेठेतला लोहार ते खोलून बघणार आणि तसंच करणार. ते लपणारं नाही. मग सांगून टाकावं आणि राखण घ्यावी. रंगाचं तसं नाही. लुगडं फाडा, जाळा, धुवा, रंग कसा केला ते त्यातून कळणार नाही. मग तो सरकारला तरी कशाला सांगायचा?”

“आणि चाचांनीच कोणाला सांगितलं तर?”

“म्हणून तर मी त्यांना विचारलेलं नाही. मला ठाऊक नाही, मालकांना ठाऊक नाही. एकट्या चाचांना ठाऊक. दर लाल लुगड्यामागं त्यांचा वाटा आहे, तसा करार आहे. गुपिताला माणसं जितकी कमी तितकं बरं.” मग म्हणाले, “एक मात्र आहे. दुसऱ्या कोणी आपल्या अकलेनं तेच शोधलं, तर आपल्याला काही बोलता येत नाही. ती जोखीम घ्यायचीच.”

पेठेतले विणकरही त्यांच्याकडं येत. एकदा भवानी पेठेतला एक जण काठाची नवी नक्षी घेऊन आला. नारळीच्या फुलोऱ्याचा काठ, फार देखणा. त्याला त्याची नोंदणी करून हवी होती. कलकत्तेवाल्यांनी काठ उजेडात धरला, बोट फिरवलं आणि विचारलं, “हा अजून कोणी पाहिलाय का?”

“व्हय की!” तो छाती काढून म्हणाला. “पोरीच्या लग्नात समद्या बायकास्नी हेच लुगडं दिलं. शंभर जणांनी इच्यारलं, कुटनं आणलं म्हणून.”

साहेबांनी काठाची घडी घातली आणि त्याच्या हातात परत दिली. “लग्न आधी केलंत. नोंदणी आधी करायची होती. जगानं पाहिलेल्या नक्षीची नोंदणी होत नसते.”

त्या माणसाला काही समजेना. “पर माजाच हाय की काठ, साहेब.”

“तुमचाच आहे. आणि आता सगळ्यांचाही आहे.”

तो गेल्यावर ते कितीतरी वेळ कामाला लागले नाहीत. शेवटी मला म्हणाले, “काय सुंदर काठ होता!” आणि लगेच, जणू काही जास्त बोलून बसलो असं वाटून, दौतीचं झाकण लावायला लागले.

चाकाचं पेटंट मिळालं. मालकांनी पेढे वाटले. दोन महिन्यांत लोहारांनी चाकं बनवायला सुरुवात केली. घरी एकेक-दोनदोन माग असलेले विणकर ती स्वस्तात नेऊ लागले. मालक पेटले. फिर्याद करतो म्हणाले, एकेकाला कोर्टात खेचतो म्हणाले, आणि मग तेलुगूत गेले. कलकत्तेवाले शांतपणे ऐकत राहिले.

“ज्याच्या घरी एक माग, त्याच्यावर फिर्याद करून तुम्हाला काय मिळणार?”

“माजी चीज हाय ती!”

“आहेच. म्हणून तर तुम्ही ती देऊ शकता. चोरीच्या मालाचं दान करता येत नाही, स्वतःच्या मालाचं येतं. घरच्या विणकरांना म्हणा, करा चाक, फुकट करा. फक्त एकदा इथं आणून दाखवा. नीट असलं तर आपण त्यावर पणतीचा छाप मारून देऊ. मोठे कारखानदार मात्र करार करतील, त्यांना फुकट नाही.”

मालक आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. मग कुरकुरत तयार झाले. आणि झालं ते असं, की पणतीचा छाप नसलेलं चाक घ्यायला पेठेत कोणी राजी होईना. लोहारच चाकं घेऊन रांगेत उभे राहायला लागले. कारखानदार करार करून गेले. पुढं आमच्या लुगड्यांवरही पणती छाप आला, आणि दुधनीचा व्यापारीसुद्धा पणती बघूनच गठ्ठा उचलायचा. छापाच्या राखणीचा निराळा कायदा तेव्हा नव्हता. साहेबांनी आपलं प्रतिज्ञापत्र नोंदवून ठेवलं आणि वर्तमानपत्रात जाहिरात देऊन ठेवली. “छाप हा लोकांच्या मनात असतो,” ते म्हणत, “कागद फक्त भांडण लागलं तर.”

त्या रांगेतच एक दिवस लच्छव्वा आली. विधवा बाई, घरात एक माग, आडदांड आवाज. चाकावर छाप मारून घ्यायला आली होती, पण छाप बाजूलाच राहिला.

“साहेब, बारीक सुताला तुमची खिट्टी सरकतीया. म्या चामड्याची पट्टी बांदलीया हितं. आता बघा.”

मालकांनी बघितलं, आणि पुन्हा बघितलं. त्यांचा चेहरा उतरला आणि खुललाही. एका वर्षात जे त्यांना जमलं नव्हतं ते चामड्याच्या दोन बोटं पट्टीनं झालं होतं.

कलकत्तेवाल्यांनी मला कागद घ्यायला सांगितला. सुधारणेचा नवा अर्ज. शोधकाच्या रकान्यात लच्छव्वाचं नाव.

मालक म्हणाले, “माज्या चाकाला पट्टी लावली, अन् नाव तिचं? बाई हाय ती, साहेब. लिवता येत न्हाय तिला.”

“शोध ज्याचा, नाव त्याचं. खोटं नाव घातलं तर उद्या कोणीही उठून तो कागद रद्द करवील. अर्ज दोघांचा करू. पण शोधक तीच.”

लच्छव्वाला हे सगळं समजावून सांगितलं. तिनं विचारलं, “माजं नाव तितं लिवून काय हुतंय?”

“करार होईल, वाटा मिळेल.”

“ते कळलं वो. पर नाव लिवून काय हुतंय?”

त्यांनी दौत तिच्यापुढं सरकवली. मग म्हणाले, “काही होत नाही. लिहिलेलं राहतं.”

तिनं अंगठा उठवला. अंगठ्याची शाई पदराला पुसत जाताना तिनं दारातून वळून पाहिलं. मला वाटतं तिला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी इतक्या आदरानं काही सांगितलं होतं. चाकाचं दार सगळ्यांना उघडं ठेवलं म्हणून ती आत आली, हे साहेबांनी मालकांना पुन्हा पुन्हा ऐकवलं. मालकांनीही ते मानलं.

माणसांबद्दल त्यांना माया नव्हती असं नाही. ती कुठं ठेवावी हे त्यांना कळत नसे. कलकत्त्याच्या पत्रांखाली एका कारकुनाची दोन अक्षरांची सही असे. शेवटच्या अक्षराला लांब शेपूट. वर्षानुवर्षं तीच सही. कधी शेपूट आखूड पडलं की ते म्हणत, “घाईत दिसतात.” एकदा लखोटा आला आणि खाली सही निराळीच. त्यांनी पत्र वाचलं, बाजूला ठेवलं, पुन्हा उचललं. “आजारी असतील का?” त्यांनी मला विचारलं. मी काय सांगणार? पुढच्या पत्रातही नवीच सही. त्यानंतर दोन दिवस ते जेवायला गेले नाहीत. मालकांनी पूर्वी त्यांना एकदा कलकत्त्याचं तिकीट काढून देतो म्हटलं होतं, तेव्हा त्यांनी नको म्हटलं होतं. आता मात्र मला म्हणाले, “जाऊन यायला हवं होतं.”

त्यांचं खरंखुरं माणूस म्हणावं असं सोलापुरात एकच होतं. उस्मानचाचा. रोज संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला की साहेब कोट काढून खुंटीला टांगत आणि मागच्या अंगणात जात. भट्टीजवळच्या दगडी पायरीवर दोघं बसत. चाचांचे हात कोपरापर्यंत लाल, साहेबांचे शाईनं निळे. एका किटलीतला चहा दोघं पीत. मी खिडकीतून बघायचो. साहेब हसताना मी फक्त तिथंच पाहिले. ईदला चाचांच्या घरून शीरखुर्म्याचं भांडं येई, आणि ते भांडं घेऊन जाताना साहेब झाकायला विसरत. त्यांची काय बोलणी होत कोण जाणे. रंगाची मात्र नक्कीच होत नसत. इतकी वर्षं तो एक विषय दोघांनी बाजूला ठेवला होता.

मग एका उन्हाळ्यात शुक्रवार पेठेतल्या एका कारखान्याची लाल लुगडी बाजारात आली.

साहेबांनी त्यातलं एक विकत आणलं. सोड्यात उकळलं. ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासलं. गच्चीवर आठ दिवस उन्हात टाकलं. रंग हलला नाही. ते लुगडं त्यांनी टेबलावर पसरलं आणि त्याच्याकडं बघत राहिले. त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला दिसत होतं. हे ज्याला ठाऊक असा माणूस एकच.

“चाचांना नुसतं विचारा की,” मी म्हणालो.

“विचारायचंच आहे. पण रीतसर.”

त्यांनी मला मजकूर सांगितला. रंगाची कृती आपण इतर कोणास सांगितली काय, कोणासमोर केली काय, कोणाकडून त्याबद्दल काही घेतलं काय. प्रत्येक प्रश्नापुढं होय-नाहीसाठी जागा. खाली सही, तारीख, वेळ, साक्षीदार. मी तो कागद माझ्या वळणदार अक्षरात लिहून काढला. तेव्हा मला काही वाटलं नाही, हे इथं कबूल केलं पाहिजे. एक चांगला उतरलेला कागद, इतकंच वाटलं.

त्या संध्याकाळी ते कोट न काढता अंगणात गेले. मी साक्षीदार म्हणून मागोमाग. चाचांनी किटलीतून कपात चहा ओतायला घेतला होता. साहेबांनी उभ्यानंच कागद वाचून दाखवला. त्यांचा आवाज एकदाही हलला नाही.

चाचांनी किटली खाली ठेवली. “साब,” ते म्हणाले, “तुमे मेरेकू कागद पे पूछते?”

“रीत आहे, चाचा. सगळ्यांनाच लागू असते.”

“मुंह से पूछते तो बी मैं बोलताच था.”

साहेबांनी कागद पुढं धरला. चाचांनी माझ्याकडं पाहिलं, मग कागदाकडं. त्यांना लिहिता येत नव्हतं. प्रत्येक प्रश्नापुढं मी ‘नाही’ लिहिलं आणि खाली त्यांनी अंगठा उठवला. शाई घ्यावी लागली नाही, अंगठा लालच होता. मग त्यांनी हात धुतले, भट्टीतला विस्तव पाणी मारून विझवला, पागोटं डोक्याला गुंडाळलं आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. चौथ्या दिवशी कळलं की घर मोडून ते अक्कलकोटला लेकीकडं राहायला गेले. जावई तिथं रंगाचंच काम करत होता.

“बघा,” मालक म्हणाले, “पळाला. चोराच्या मनात चांदणं.”

साहेबांनी मान हलवली. पण ती हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही. आमचं लाल लुगडं बंद पडलं. संध्याकाळी भोंगा झाला की ते उठत, खुंटीकडं जात, आणि मग कोट तसाच ठेवून पुन्हा टेबलाशी येऊन बसत.

वर्ष-दीड वर्षानं एका परदेशी रंगाच्या कंपनीचा फिरता एजंट कारखान्यात आला. गुळगुळीत बोलणारा मनुष्य. त्यानं अंगणात दोन घमेली मांडली, दोन डब्यांतली पूड एकेका घमेल्यात कालवली. पहिल्या घमेल्यात पांढरं सूत बुडवून पिळलं, ते पिवळसर झालं. दुसऱ्या घमेल्यात घातलं आणि आमच्या डोळ्यांदेखत ते लालभडक झालं. “उकळा, घासा, उन्हात टाका,” तो म्हणाला. “शुक्रवार पेठेत दोन वर्षं हाच माल जातोय आमचा.” आणि त्यानं त्याच कारखान्याचं नाव घेतलं.

मालक खूश होऊन भाव विचारायला लागले. कलकत्तेवाले त्या घमेल्याजवळ उकिडवे बसले होते. त्यांनी त्यात बोट घातलं, बाहेर काढलं आणि बघितलं. कोणीही काही सांगितलं नव्हतं. कोणीही काही चोरलं नव्हतं. दूरदेशी कोणा माणसानं आपल्या अकलेनं तेच साधलं होतं आणि डब्यात भरून पाठवलं होतं. ही जोखीम त्यांनीच मला पहिल्या वर्षी समजावून सांगितली होती. ती कागदाच्या त्या संध्याकाळी त्यांना कशी आठवली नाही, हे मला आजही कळत नाही. की आठवली होती, आणि तरी त्यांना कागद हवा होता?

दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, “अक्कलकोटला जायचंय. चला.”

कुठं जायचं ते त्यांनी आपण होऊन सांगितलं. माझ्या आठवणीत हे पहिल्यांदाच.

स्टेशनवरून आम्ही टांग्यानं गावात पोचलो. चाचांच्या जावयाचं घर मठाच्या मागच्या गल्लीत होतं. गल्लीत कानडी, मराठी, मुसलमानी सगळं एकदम कानावर येत होतं. लेकीनं, मुमताजनं, दार उघडलं. आत चाचा बाजेवर बसले होते. म्हातारे दिसत होते. हात स्वच्छ होते. त्यांच्या हातांचा मूळ रंग मी त्या दिवशी प्रथम पाहिला.

साहेबांनी टोपी काढली. “चाचा, माझी चूक झाली.” आणि एजंट, घमेली, डबे, सगळं सांगितलं. चाचांनी शांतपणे ऐकलं. मुमताजनं चहा आणला.

“तर आता तुम्ही मोकळे आहात,” साहेब म्हणाले. “ती कृती कोणालाही सांगा. जावयाला सांगा. करार मी रद्द करून आणलाय.” त्यांनी खिशात हात घातला.

चाचांनी हात वर करून त्यांना थांबवलं. “तुमे बोले थे, किसकू नै बोलनेका. मैं नै बोल्या. डेढ साल से जमाई पूछताय, अब्बा, वो लाल मेरेकू सिखाव. उसकू बी नै बोल्या. उसके दिल में मैल आ गया, फिर बी नै बोल्या. अब बोलके क्या करूँ, साब? डब्बे में मिलता.”

साहेबांचा हात खिशातच राहिला. कागद बाहेर आला नाही.

“माफ करा,” ते म्हणाले.

“माफ किया. कबका किया.” चाचा म्हणाले. “पन अब बात नै होती.” आणि त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

आम्ही बाहेर आलो. टांगा उभा होता. मी चढलो. साहेब चढले नाहीत. “तुम्ही व्हा पुढं,” ते म्हणाले. “मालकांना सांगा, मी दोन दिवसांनी येतो.”

ते आले नाहीत. आठ दिवसांनी राजीनामा आला. तारीख होती, सही होती, वेळ नव्हती, साक्षीदार नव्हता. पेटीतले सगळे कागद त्यांनी माझ्या हवाली केले. कोणत्या नोंदणीची मुदत कधी भरते, कोणत्या कारखानदाराचा करार कधी संपतो, लच्छव्वाचा वाटा कसा पोचवायचा, हे सगळं त्यांनी चार पानांत लिहून पाठवलं होतं. त्या चार पानांवर मी पुढं कितीतरी वर्षं तो कारखाना सांभाळला. त्यात स्वतःबद्दल एक ओळ नव्हती.

मी त्यांना भेटायला गेलो तो तीन वर्षांनी. अक्कलकोट तेव्हा संस्थान. इंग्रजांचा कायदा तिथं लागू नव्हता, म्हणून कलकत्त्याचा कागद तिथं चालत नसे. त्यांच्या साऱ्या आयुष्याच्या कामाला जिथं कवडीची किंमत नव्हती, नेमक्या त्या गावात त्यांनी एक खोली घेतली होती आणि लोकांचे अर्ज, पत्रं लिहून देत होते. खोलीला कुलूप होतं. शेजाऱ्यानं कानडी-मराठीत सांगितलं, “ह्या वेळेला रंगाऱ्याकडंच असत्यात की. रोज.”

मी मठामागच्या गल्लीत गेलो. ऊन उतरलं होतं. घरासमोरच्या अंगणात सूत रंगवणं चाललं होतं. रंगवलेल्या लडी पिळायला दोन माणसं लागतात, एकानं एक टोक धरायचं आणि दुसऱ्यानं दुसरं, आणि उलट्या दिशांनी पीळ द्यायचा. एका टोकाला चाचा होते. दुसऱ्या टोकाला धोतर खोचून, कोट नाही, टोपी नाही, आमचे साहेब. हात कोपरापर्यंत निळे. पाणी निथळत होतं. दोघंही एकमेकांकडं बघत नव्हते. एक लड झाली की चाचा दुसरी उचलत आणि एक टोक न बोलता पुढं करत.

साहेबांनी मला पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा पीळ द्यायला लागले. मी तिथंच उभा राहिलो. बऱ्याच लडी झाल्या. एकही शब्द झाला नाही.

मुमताज दारात होती. मी तिला हळूच विचारलं, “आता बोलतात का दोघं?”

“नै,” ती म्हणाली. “तीन साल हुए, एक बात नै किये. पन एक दिन बी साब कू देर हुई, तो अब्बा चार बार गल्ली में जाके देखते.”